चौथ्या गिअरमध्ये आवाज का येत नाही?

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. आंबिया बहाराची संत्री निघाली होती आणि काटोलकडचा माझा मामा पिकअप घेऊन कळमन्याच्या मार्केटला रोज फेऱ्या मारत होता. एका संध्याकाळी तो माल उतरवून आमच्या रामदासपेठेतल्या घरी आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आई म्हणाली की भाऊ आला, कारण गाडी अक्षरशः रडत येत होती! लांबलचक ऊंऽऽ असा आवाज, आणि दुसरा गिअर टाकताना कर्रर्र. मामाने चहा घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही. म्हणजे मामला गंभीर होता. गाडीचे हप्ते चालू, सीझन ऐन भरात, आणि गाडी उभी राहिली तर शेजाऱ्याच्या गाडीला भाडं देऊन माल पाठवायचा.

रामदासपेठेचं एक बरं आहे. इथे हाडाचा, हृदयाचा, कानाचा, सगळ्याचा डॉक्टर पायी जाता येईल इतक्या अंतरावर मिळतो. गिअरबॉक्सचा मात्र मिळत नाही! त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावती रोडने वाडीला जावं लागलं. मीही हट्टाने सोबत गेले. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, पण उघडा गिअरबॉक्स मी फक्त लॅबमध्येच पाहिला होता. तोही कापलेला, लाल-पिवळा रंग दिलेला आणि बिनतेलाचा.

मिस्त्रीकाकांनी पाना हातात घेतलाच नाही. ते गाडीत बसले, आम्हाला बसवलं आणि रस्त्यावर एक चक्कर मारली. पहिला गिअर, आवाज. दुसरा, आवाज. तिसरा, जास्त आवाज. चौथा... एकदम शांत! पाचवा टाकला, पुन्हा तेच रडगाणं. परत येऊन त्यांनी सांगून टाकलं की लेशाफ्टची बेअरिंग गेली आहे आणि दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. न उघडता! मी थक्क झाले. कसं ओळखलं विचारलं तर ते हसले आणि म्हणाले की चौथ्यात त्या शाफ्टवर वजनच येत नाही, मग तो ओरडेल कशाला.

घरी येऊन पुस्तक काढलं. डायरेक्ट ड्राइव्हवर सगळ्या दोन ओळी. परीक्षेत दोन मार्कांना येतं, म्हणून मीही तेवढंच पाठ केलं होतं. पण हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? शोधत गेले आणि एक नाव सापडलं, जे आपण सगळे रोज गाड्यांवर वाचतो. लुई रेनो. आपल्याकडे बरेच जण रेनॉल्ट म्हणतात, पण फ्रेंचमध्ये शेवटची दोन अक्षरं बोलतच नाहीत. तर मित्रमैत्रिणींनो, ही त्या लुईची गोष्ट. आणि थोडीशी मामाच्या पिकअपचीही.

आधी थोडं टेक्निकल, कारण त्याशिवाय लुई कळणार नाही. आपल्या पिकअपसारख्या, म्हणजे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना अशा गाडीच्या गिअरबॉक्समध्ये वर दोन शाफ्ट एका रेषेत असतात, नाकासमोर नाक. एक इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट, दुसरा मागे जाणारा मेनशाफ्ट. त्यांच्या खाली समांतर असतो लेशाफ्ट. पहिल्या तीन गिअरमध्ये ताकद वरून खाली लेशाफ्टवर उतरते आणि दुसऱ्या जोडीतून पुन्हा वर चढते. म्हणजे दोनदा दाताला दात घासतो, दोनदा थोडी ताकद वाया जाते आणि सगळा भार लेशाफ्टच्या बेअरिंगवर येतो. चौथ्या गिअरमध्ये मात्र वरचे दोन शाफ्टच एकमेकांत अडकवले जातात. इंजिन जितके फेरे फिरतं तितकेच फेरे मागचा शाफ्ट फिरतो. लेशाफ्ट फिरतो खरा, पण रिकामा. पाचवा गिअर आला की ताकद पुन्हा खाली उतरते. बस्स, एवढीच आयडिया! पण १८९८ च्या आधी चालू गाड्यांमध्ये ती नव्हती.

लुईचा जन्म पॅरिसमध्ये १२ फेब्रुवारी १८७७ ला झाला. वडील आल्फ्रेड कापड आणि बटणांच्या धंद्यात होते, घरची परिस्थिती उत्तम. मोठे भाऊ फर्नां आणि मार्सेल वडिलांच्या धंद्यात रुळले. लुईचं मात्र ना शाळेत लक्ष, ना बटणांमध्ये. सीन नदीच्या काठी बियांकूरला त्यांचं सुट्टीचं घर होतं. त्या घराच्या बागेतल्या एका शेडमध्ये त्याने आपला वर्कशॉप थाटला. आपल्यासारखी इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती. हात मात्र होते!

त्या काळातल्या गाड्यांचा साचा पानार-लव्हासोर या फ्रेंच कंपनीने घालून दिला होता. इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकते गिअर, आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत सायकलसारखी चेन. कुठलाही गिअर टाका, ताकद आधी दातांमधून आणि नंतर चेनमधून जाणार. चेन ताणली जायची, खडखडायची, धुळीने झिजायची. पट्टा असलेल्या गाड्यांमध्ये तो पावसात घसरायचा.

एकवीस वर्षांच्या लुईने द दियों-बुतों कंपनीची इंजिनवाली तीनचाकी घेतली आणि शेडमध्ये तिची चारचाकी केली. इंजिन उणेपुरे पावणेदोन हॉर्सपॉवर! आजच्या स्कूटीपेक्षाही कितीतरी कमी. इतक्या थोड्या ताकदीतला एक थेंबही सांडून चालणार नव्हता. मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे. हाताशी मोठं इंजिन असतं तर त्याला ही आयडिया सुचलीच नसती. त्याने चेन काढून टाकली आणि तिच्या जागी जॉइंट असलेला सरळ शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेला. बॉक्समध्ये पुढचे तीन गिअर आणि रिव्हर्स ठेवला. आणि सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंजिनकडचा शाफ्ट मागच्या शाफ्टला थेट जोडून दिला. मधली सगळी मंडळी बाजूला!

२४ डिसेंबर १८९८, ख्रिसमसची आदली रात्र. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर रू लेपिक नावाचा रस्ता आहे, चढ साधारण तेरा टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की तेरा मीटर वर. मित्रमंडळींमध्ये पैज लागली आणि लुईची इवलीशी गाडी तो चढ चढून गेली. त्याच रात्री त्याला बारा गाड्यांच्या ऑर्डर मिळाल्या! ही गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते की डायरेक्ट ड्राइव्हने चढ जिंकला. पण जरा विचार करा. पावणेदोन हॉर्सपॉवरची गाडी तेरा टक्क्यांच्या चढावर टॉप गिअरमध्ये चढणं शक्यच नाही. चढ त्याने खालच्याच गिअरने काढला असणार. डायरेक्ट गिअर कामाला आला असेल तो सपाटीवर. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

९ फेब्रुवारी १८९९ ला त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच महिन्यात रेनो बंधूंची कंपनी सुरू झाली. भांडवल मार्सेल आणि फर्नां या भावांचं. डोकं लुईचं, पण मालकीत सुरुवातीला त्याचं नाव नव्हतं. बाकीच्या कंपन्यांनी ही आयडिया धडाधड उचलली. लुई गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो कोर्टात गेला, जिंकला आणि नक्कल करणाऱ्यांकडून त्याने रॉयल्टी वसूल केली.

त्या काळी गाडी विकायची तर रेस जिंकावी लागे. १९०२ मध्ये मार्सेलने पॅरिस-व्हिएन्ना रेस जिंकली. आल्प्सचे घाट होते, मोठमोठ्या इंजिनच्या गाड्या मागे राहिल्या आणि हलकी रेनो पुढे गेली. पुढच्याच वर्षी, मे १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद रेस झाली. दोघे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांत होते. धुळीने रस्ता दिसत नव्हता, लोक रस्त्याच्या कडेला दाटीने उभे होते आणि एकामागून एक अपघात होत गेले. लुई बोर्दोला पोचला तेव्हा त्याला कळलं की मार्सेलची गाडी मागे उलटली आहे. दोन दिवसांनी मार्सेल गेला. सरकारने रेस बोर्दोलाच थांबवली. लुई त्यानंतर स्वतः कधीही रेसमध्ये उतरला नाही. १९०९ मध्ये आजारी फर्नांही वारला. बत्तीस वर्षांचा लुई आता एकटा मालक होता.

इथून पुढचा लुई वेगळा दिसतो. कारखाना वाढत गेला. त्याच्या टॅक्सी पॅरिसमध्ये आणि लंडनमध्येही धावू लागल्या. १९११ मध्ये तो अमेरिकेला गेला, हेन्री फोर्डचा कारखाना पाहिला, फ्रेडरिक टेलरला भेटला. हो, आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला टाइम स्टडीवाला टेलर! परत येऊन लुईने कामगारांच्या डोक्यावर स्टॉपवॉच बसवलं आणि १९१३ मध्ये कारखान्यात मोठा संप झाला. लुईला मशीन कळायचं. मशीनवर उभा असलेला माणूस कळायचा की नाही, याबद्दल मला शंका आहे.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ आलं, तेव्हा सुमारे सहाशे टॅक्सींनी काही हजार सैनिक मार्नच्या आघाडीवर नेले. त्यातल्या बहुतेक रेनोच होत्या. लढाईचा निकाल टॅक्सींनी लावला असं काही नाही, पण फ्रान्सने ती आठवण जपली. पुढे रेनोच्या कारखान्यातून एफटी नावाचा छोटा रणगाडा निघाला. तोफेचा मनोरा गोल फिरणारा, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे. आजच्या रणगाड्यांचा साचा साधारण तोच आहे. युद्ध संपलं तेव्हा लुई देशाचा हिरो होता.

नंतर सीन नदीतल्या सगँ बेटावर त्याने अख्खा कारखाना उभारला. १९२९ मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. तिशीच्या दशकात रेनोचे डिझेल ट्रकही आले. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त टॉर्क देतं आणि त्याचे धक्केही दांडगे असतात. त्यामुळे मागचा गिअरबॉक्स तसाच दणकट लागतो. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी होता आंद्रे सित्रोएँ. गंमत म्हणजे तोही गिअरवाला! सित्रोएँच्या गाडीवर जे दोन उलटे व्ही दिसतात ते त्याच्या कारखान्यातल्या दुहेरी तिरक्या गिअरचे दात आहेत. सित्रोएँने कर्ज काढून मोठमोठ्या उड्या मारल्या आणि १९३४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. लुई कर्जाला आणि बँकांना घाबरून होता. सगळं आपलं, सगळं आपल्या हातात, मध्ये कोणी नको. डायरेक्ट ड्राइव्हच म्हणा ना!

आणि मग १९४०. जर्मनीने फ्रान्स जिंकलं. लुई तेव्हा सरकारी कामासाठी अमेरिकेत होता. तिथे राहिला असता तर त्याची गोष्ट वेगळी झाली असती. पण तो परत आला. कारखान्यावर जर्मन अधिकारी बसले होते आणि लुईपुढे प्रश्न होता की कारखाना सोडायचा की त्यांच्यासाठी चालवायचा. त्याने चालवला. रेनोचे हजारो ट्रक जर्मन सैन्याला गेले. ३ मार्च १९४२ च्या रात्री इंग्लंडच्या विमानांनी बियांकूरवर बॉम्ब टाकले. कारखाना मोडला आणि आजूबाजूच्या वस्तीतली शेकडो साधी माणसं मेली. लुईने कारखाना पुन्हा उभा केला. तोवर आजारपणाने त्याची वाचा गेल्यासारखी झाली होती, बोलताना शब्द सापडत नसत.

पॅरिस मुक्त झालं आणि २३ सप्टेंबर १९४४ ला शत्रूला मदत केल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. फ्रेन तुरुंगात तब्येत ढासळली, मग हॉस्पिटल, आणि २४ ऑक्टोबर १९४४ ला तो वारला. खटला उभाच राहिला नाही. तुरुंगात मारहाण झाली असा घरच्यांचा आरोप होता, ते कधी सिद्ध झालं नाही. १६ जानेवारी १९४५ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली. अनेक वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच्या नातवंडांनी त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली, पण तिथेही काही लागलं नाही.

खरं सांगू? हे सगळं वाचून मी दोन दिवस लेख बाजूलाच ठेवला होता. मला एकवीस वर्षांचा, शेडमध्ये काम करणारा हिरो हवा होता. शेवटी असं काही निघेल अशी कल्पना नव्हती. हा भाग गाळावा असंही मनात आलं. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये कोण विचारणार? पण गाळला तर मिस्त्रीकाकांपुढे तोंड दाखवता आलं नसतं. कारण त्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती, की बॉक्स उघडला की सगळं काढून टेबलावर मांडायचं. चांगलंही आणि झिजलेलंही.

तर आता मामाच्या गाडीकडे येऊ. मामापुढे तीन रस्ते होते. कंपनीची तयार असेंब्ली बसवायची, पण तेवढे पैसे नव्हते. भंगारवाल्याकडचा दुसऱ्या गाडीचा जुना बॉक्स स्वस्तात मिळत होता आणि मामाचा जीव त्यावरच अडकला होता. मिस्त्रीकाकांनी तो आणवून पाहिला. बेल हाउसिंगचे बोल्ट जुळत होते. पण इनपुट शाफ्टची आटी आमच्या क्लचप्लेटमध्ये बसत नव्हती, लांबी वेगळी असल्याने प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागला असता, आणि मुख्य म्हणजे त्याचा पहिला गिअर उंच होता. तो हलक्या गाडीचा बॉक्स! रिकाम्या गाडीत चालला असता. पण बागेतून दीड टन संत्री भरून चिखलातून निघताना क्लच जळाला असता. मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण आणि गाडीचं ओझं न बघता गिअरबॉक्स निवडायचा म्हणजे चेहरा पाहून बूट घेण्यासारखं आहे.

राहिला तिसरा रस्ता, आपलाच बॉक्स उघडायचा. तेल काढलं तर ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर लोखंडाच्या कपच्या आणि तेलात पितळेची सोनेरी चमक. कपच्या बेअरिंगच्या, चमक सिंक्रो रिंगची. मिस्त्रीकाकांचं निदान शंभर टक्के बरोबर! नवी रिंग गिअरच्या कोनावर दाबून मागची फट त्यांनी फीलर गेजने मोजली, मग जुनी ठेवून मोजली. जुन्या रिंगला फट जवळजवळ उरलीच नव्हती, म्हणून ती गिअरला ब्रेक लावू शकत नव्हती आणि कर्रर्र होत होतं. लेशाफ्टचं बेअरिंग जिथे बसतं ती जागाही खाल्ली गेली होती, म्हणून लेशाफ्टही नवा घेतला. बाकी गिअर, मेनशाफ्ट, केसिंग सगळं ठणठणीत. बेअरिंग प्रेसने बसवल्या, शिम लावून शाफ्टची मागेपुढे हालचाल मापात आणली आणि तेल मात्र कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं टाकलं. काही तेलांमधलं औषध पितळेच्या रिंगला खातं, हे मला पुस्तकाने नाही, त्यांनी सांगितलं.

तीन दिवस लागले. तीन दिवस मामाची संत्री दुसऱ्याच्या गाडीतून गेली. मी टेबलाशी उभी राहून पार्ट पुसत होते आणि मामाला लुईची गोष्ट सांगत होते. सगळी ऐकून मामाने एकच गोष्ट विचारली, की मालक गेल्यावर कारखान्यातल्या लोकांचं काय झालं. हे मी वाचलं होतं. कारखाना चालू राहिला. जर्मनांच्या नजरेआड इंजिनिअरांनी आखलेली फोर सीव्ही नावाची छोटी गाडी १९४६ मध्ये लोकांपुढे आली आणि पुढे तशा दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. मामा म्हणाला, मग ठीक आहे. केसिंग चांगलं असलं की बॉक्स पुन्हा बांधता येतो.

आणखी एक गंमत. २००७ मध्ये रेनोची लोगन गाडी महिंद्रासोबत आपल्या नाशिकला बनायला लागली. २०१० मध्ये ती भागीदारी संपली. पण लोगन पुढच्या चाकांवर चालणारी. तिच्या गिअरबॉक्समध्ये ताकद प्रत्येक गिअरला एका शाफ्टवरून दुसऱ्यावर जाते, लुईचा डायरेक्ट गिअर त्यात नाहीच. ज्या गाडीवर त्याचं नाव, तिच्यात त्याची आयडिया नाही. आणि मामाच्या पिकअपवर त्याचं नाव कुठेच नाही, पण चौथा गिअर त्याचाच!

चौथ्या दिवशी आम्ही काटोल रोडला ट्रायल घेतली. पहिला, दुसरा, तिसरा, शांत. चौथा टाकला आणि मला लुई आठवला. त्याने सपाट रस्त्यावर सगळ्यात सरळ वाट शोधून दिली. पण आयुष्यभर तो त्याच गिअरमध्ये राहिला, सगळं थेट आपल्या हातात ठेवून. १९४० चा चढ समोर आला तेव्हा खालच्या गिअरवर यायला, थोडं थांबायला, हातातलं थोडं सोडायला त्याला जमलं नाही. ज्याने रू लेपिकचा चढ काढला, त्यालाच!

रस्ता मोकळा होता. मामाने पाचवा टाकला. आवाज नाही. रामदासपेठेच्या घरी आला तेव्हा आईला कळलंच नाही की भाऊ आलाय. मामाने चहा घेतला आणि या वेळी बिस्किटं संपवली.